जोतीरामची आठ नंबर

रविवार, ११ फेब्रुवारी १९७९. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि पाचगणीच्या थंडीत जोतीराम पिसाळ व्हरांड्यातल्या लांब टेबलाशी उभा राहून चौथी काठी जोडत होता. एका काठीचे दोन तुकडे. वरच्या तुकड्याचं धातूचं टोक नाकपुडीशेजारच्या तेलकट कातडीवर एकदा फिरवायचं आणि मग खालच्या तुकड्यात सरळ दाबायचं. पिळायचं नाही. पिळलं की जोड सैल होतो. टेबलावर एकूण अकरा काठ्या मांडायच्या होत्या, कारण दहा वाजता सांगलीहून एका हौशी मंडळाची समिती येणार होती.

काठ्या मासे धरायच्या होत्या, पण गळाला गांडूळ लावून काठावर बिडी ओढत बसण्याच्या नव्हत्या. त्यांना फ्लाय रॉड म्हणतात. गळाला कोंबड्याची पिसं बांधून खोटी माशी करायची. तिला वजन नसतं. वजन असतं जाड दोरीत, आणि ती दोरी काठीने हवेत मागेपुढे खेळवून लांब टाकायची. काठीचा नंबर म्हणजे दोरीच्या वजनाचा नंबर. आठ नंबरची काठी आठ नंबरची दोरी टाकते, बाराची बाराची. हे कळायला चार मिनिटं पुरतात. समितीला सात वर्षं पुरली नव्हती.

काठ्या कर्नल सयाजीराव मांढरे यांच्या. जोतीराम त्यांचा ऑर्डर्ली. होता, असं लिहायला हवं, कारण दोघंही १९६८ सालीच सैन्यातून निवृत्त झाले. कर्नल पाचगणीला बंगल्यात राहायला आले, जोतीराम वाईच्या अलीकडे धोंडेवाडीला आपल्या उसात गेला. पण निवृत्तीचा कागद काठ्यांना मिळाला नव्हता. त्यामुळे गेली अकरा वर्षं जोतीराम महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी एस.टी.ने पाचगणीला येतो, अकरा काठ्या पिशव्यांतून काढतो, पुसतो, कड्या तपासतो, रिळांत तेलाचे थेंब सोडतो, दोऱ्या उलगडून परत गुंडाळतो आणि रविवारी गावी जातो. कर्नलांनी स्वतः शेवटची काठी उचलली ती १९७१ साली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पुढे काचबिंदूही निघाला. काठ्यांची निगा मात्र उद्या पहाटे निघायचं असल्यासारखी चालू राहिली. सैन्यात याला शिस्त म्हणतात. जोतीरामची बायको हरणाबाई याला वेगळा शब्द वापरते.

“म्हशीच्या दाव्याला गाठ माराया येळ न्हाई,” ती म्हणते, “आन त्या काठ्यास्नी म्हैन्याच्या म्हैन्याला तेलपाणी. येक दिस नीट सांगा तरी, त्यातली माजी सवत कंची?”

जोतीरामने कधी उत्तर दिलं नाही, पण उत्तर होतं. आठ नंबर.

ही तपकिरी रंगाची, काचेच्या धाग्यांची, नऊ फुटी काठी. १९६३ साली कर्नलांच्या एका दोस्ताने अमेरिकेहून आणून दिली, तेव्हा पलटणीचा मुक्काम गोव्यात होता. तिसऱ्याच आठवड्यात कर्नलांनी जीपचं दार तिच्या शेंड्यावर लावलं. शेंडा वीतभर खाली मोडला. कर्नल दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. जोतीरामने मोडलेल्या जागी आतून बांबूची बारीक कांडी घातली, वरून रेशमी धागा एकाला एक लावून गुंडाळला, त्यावर व्हार्निशचे सहा हात दिले, आणि दर हातानंतर काठी छपराला टांगून रात्रभर वाळवली. त्यानंतर ती कधी मोडली नाही. पुढे मुठीचं बूच झिजलं तेव्हा नवं बूचही त्यानेच बसवलं आणि कानशीने घासून आकार दिला. आकार देताना माप कुणाच्या तळहाताचं घेतलं हा प्रश्न कर्नलांनी विचारला नाही. मूठ कर्नलांच्या हाताला किंचित जाड होती.

रोज संध्याकाळी साहेबांची दोरी वाळवायची असे. दोरी वाळवायची तर ती हवेत खेळवावी लागते. खेळवायची तर खाडीच्या काठी उभं राहूनच बरं पडतं, आणि खाडी समोर असल्यावर दोरीच्या टोकाला माशी राहिली तर ती काढायला कोण बसतो? अशा रीतीने दोरी वाळवता वाळवता जोतीरामला तांबोशी लागली, चोणक लागले. मासे मेसमध्ये गेले. नोंद साहेबांच्या वहीत साहेबांच्या नावाने झाली. त्यात फसवाफसवी नव्हती. ऑर्डर्लीने इस्त्री केलेला कोटही साहेबांच्याच अंगावर चढतो.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत जोतीरामने वरिष्ठाकडे रजेखेरीज काही मागितलं नाही. मागणं हा त्याच्या मते अर्ज करण्याचा प्रकार होता, आणि अर्ज नामंजूर होण्यासाठी असतो. आता कर्नलांनी पत्राने हुकूम पाठवला होता की अकरांपैकी तीन काठ्या सांगलीच्या मंडळाला द्यायच्या, त्यांनी स्वतः निवडून न्याव्यात, आणि उरलेल्या आठ सोमवारच्या एस.टी. पार्सलने मुंबईला पुतण्याकडे धाडायच्या. पुतण्या एका इंग्रजी कंपनीत होता आणि काठ्या दिवाणखान्याच्या भिंतीवर फुलीसारख्या टांगणार होता. म्हणजे रविवारी दहा वाजता आठ नंबर एक तर सांगलीला जाणार होती किंवा भिंतीवर. पत्रात तिसरा रस्ता नव्हता. शेवटची ओळ अशी होती: “जोतीरामने निवडीत मंडळास मदत करावी.”

मंडळाचं नाव कृष्णाकाठ हौशी मत्स्यवेध मंडळ. कार्यालय विश्रामबागेत, आदगोंडा पाटील यांच्या दोरखंडाच्या दुकानावरच्या खोलीत. मंडळाने सात वर्षांत कृष्णेत काय धरलं याची माहिती खोलीतल्या एकमेव चौकटीतून मिळते. चौकटीत एक फोटो आहे आणि फोटोत पाच माणसांनी मिळून एक कटला उचलला आहे. तो मासा बाजारातून आणला होता हे पाचही जणांना ठाऊक असल्याने त्यावर चर्चा होत नाही.

नदी अशी सर केल्यावर मंडळाची नजर समुद्राकडे गेली. अध्यक्ष नानासो जगदाळे यांचे जावई जहाजावर नोकरीला. त्यांनी आणलेल्या एका अमेरिकन मासिकात गुडघाभर समुद्रात उभा राहून बारीक काठीने मोठा मासा ओढणाऱ्या गोऱ्या माणसाचं रंगीत चित्र होतं. नानासोंनी ते बैठकीत फिरवलं आणि मंडळाने समुद्र गाठण्याचा ठराव एकमताने केला. सांगलीहून रत्नागिरीचा समुद्र पावणेदोनशे किलोमीटर आहे. ठरावात अंतराचा उल्लेख नाही.

समिती पावणेअकराला आली. जीप नानासो स्वतः चालवत होते. साठीचे, धिप्पाड, पांढरी टोपी, तीस एकर ऊस आणि जिल्ह्यात नावाजलेली खिल्लार बैलांची जोडी. शेजारी मंडळाचे सचिव प्राध्यापक मानसिंग थोरात, हातात ठरावांची वही. ते सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मागे आदगोंडा पाटील. आदगोंडा जैन. मासा खाणं सोडाच, धरलेला पाहवतही नाही. ते मंडळात कसे, असं पाचगणीला पोचल्यावर कर्नलांनीच विचारलं.

“खोली माझी आहे,” आदगोंडा म्हणाले. “खाली दुकानाला कुलूप लावलं की वर ह्यांची बैठक. किल्ली माझ्याकडं. म्हणून घेतलं मला. मी आपला चहा पितो आणि हो म्हणतो.”

कर्नल वेताच्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसले होते. त्यांना टेबल दिसत होतं, काठ्या धूसर दिसत होत्या, माणसं आवाजावरून ओळखू येत होती. त्यांनी हात जोडले आणि सांगितलं, “तीन घ्या. तिनापेक्षा जास्त काठ्या समुद्रावर नेणारा माणूस मासे धरायला जात नाही. जोतीरामला विचारा. मी मध्ये बोलणार नाही.” हा शब्द त्यांनी दीड तास पाळला.

नानासो टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, मग उलट आले. चौथ्या काठीपाशी थांबून त्यांनी ती मधोमध धरून उचलली, वजन केलं, शेंड्याकडे एक डोळा मिटून बघितलं आणि बुडाशी दोन थापा मारल्या. बैलाला मारतात तशाच.

“काय रं जोतीराम, समुद्राला कंची चालंल?”

जोतीरामने ओल्या फडक्याला हात पुसले. त्याला उत्तर पाठ होतं, कारण ते बारा वर्षांच्या भिजलेल्या पायांनी शिकवलेलं होतं.

“आवं, दोन काठ्यांत समदं काम हुतंय. आठ नंबर खाडीला. तांबोशी, ल्हान चोणक, समदं तिच्यावर. खाडीच्या तोंडाशी वारं असतंय, थितं धा नंबर. तिसरी मोडतोडीला म्हनून न्यायाची, ही नऊची हाय ती न्या. ती दोनींचीबी दोरी येळंला वडती. आन रीळ रोज गोड्या पान्यात बुडवून ठेवायाचं, न्हाईतर मीठ खातं.”

संपूर्ण उत्तर एवढंच होतं. समुद्रासाठी काठ्यांचा साधा संच कसा निवडावा यावर परदेशात पुस्तकं निघतात, आणि त्यांत याहून फारसं काही नसतं. पण ऑर्डर्लीने इतक्या थोडक्यात सांगितलेली गोष्ट खरी असेल यावर समितीचा विश्वास बसेना. त्यासाठी सांगलीहून पेट्रोल जाळून कोण येतं?

“आठ?” नानासो म्हणाले. “आरं, ही तर बोटायेवढी हाय. ही नदीला न्यायाची. समुद्र केवडा! त्याला ही बघ.” त्यांनी टेबलाच्या टोकाची काठी उचलली. बारा नंबर. बुडाशी अंगठ्याहून जाड. “ही काठी म्हनायची.”

“ती मोट्या माशाची हाय,” जोतीराम म्हणाला. “साहेबांनी दोनदा वापरली. दुसऱ्या टायमाला खांदा उतरला.”

काळ्या चष्म्याखाली कर्नलांचं तोंड किंचित वाकडं झालं.

प्राध्यापक थोरातांनी वही उघडून दोन आकडे मांडले. “समुद्राच्या पाण्याची घनता जास्त,” ते म्हणाले. “म्हणजे माशावरचा दाब जास्त, म्हणजे माशाची ओढ जास्त. त्या हिशेबाने नानासाहेबांचं म्हणणं बरोबर आहे.” घनता किती जास्त हे त्यांनी सांगितलं नाही. ती शंभरात अडीच-तीन भाग जास्त असते. त्यावरून काठी आठाची बारा होत नाही, पण पदार्थविज्ञान अध्यक्षांच्या मदतीला धावून आलं होतं आणि त्याला परत पाठवणं शोभलं नसतं.

मग चाचणी. बंगल्यामागे गवताचा सपाट तुकडा आहे, त्याच्या कडेने सिल्व्हर ओक, त्यापुढे दरी. जोतीरामने माशीच्या गळाचं टोक पक्कडीने कापून टाकलं आणि बारा नंबर नानासोंच्या हातात दिली.

“दोरी मागं पुरी सरळ हुईस्तोवर थांबायाचं,” त्याने सांगितलं. “मग फुडं.”

नानासो थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी काठी कुऱ्हाडीसारखी मागे नेली आणि तशीच पुढे आणली. दोरीने एकदा त्यांच्या मानेला वेढा घातला, कानाजवळून शीळ घातली आणि टोपी घेऊन सिल्व्हर ओकच्या दुसऱ्या फांदीवर गेली. मंडळाच्या इतिहासातली ही पहिली पकड, जी बाजारातून आणलेली नव्हती.

“ताकद बघितली का?” टोपी खाली येईपर्यंत नानासो म्हणाले. “येकदम लांब ग्येली.”

प्राध्यापकांनी दहा नंबर घेतली. त्यांची दोरी पायाशीच पडली, वेटोळं करून, कुत्रं बसतं तशी. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि वाऱ्याची दिशा प्रतिकूल असल्याचं वहीत लिहिलं. वारा नव्हता.

“आता आदगोंडा,” नानासो म्हणाले.

“मला कशाला? मी मासे धरत नाही.”

“हितं कुटं मासं हायती? टोपी धर.”

आदगोंडांनी काठीऐवजी आधी दोरी हातात घेतली. बोटांतून फिरवली, नखाने दाबली, टोकाकडे ती बारीक कशी होत जाते ते पाहिलं. दोरखंडाच्या धंद्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

“वजन हिच्यात आहे की,” ते जोतीरामला म्हणाले. “काठीत नाही.”

“व्हय. आसूड कसा? दांडा कवा जाड करत्यात का? वादी काम करती.”

आदगोंडांचे वडील शेती करत. त्यांनी लहानपणी आसूड ओढला होता. नानासोंनी तर गेल्याच आठवड्यात ओढला असेल, आणि प्राध्यापक थोरात बी.एस्सी.ला जाईपर्यंत शिराळ्याकडच्या आपल्या मळ्यात रोज ओढत होते. आसुडाचा दांडा बारीक असतो हे तिघांनाही जन्मापासून ठाऊक. पण अमेरिकन मासिकातल्या विषयाला आसुडाची अक्कल लावायची म्हणजे मंडळाचा दर्जा खाली आणण्यासारखं होतं. ते धाडस फक्त ज्याला मासा धरायचाच नव्हता त्याने केलं. आदगोंडांनी आठ नंबर घेतली, मनगट मागे नेलं, थांबले, पुढे आणलं. दोरी सरळ उलगडत गेली आणि वीस पावलांवर गवतात अलगद पडली. माशी शेवटी पडली, दोरीनंतर, अगदी पडावी तशी.

कर्नलांनी आवाजावरून ओळखलं असावं, कारण त्यांनी खुर्चीत मान वळवली.

“हिच्यात दम आहे,” आदगोंडा म्हणाले. “पण माझं मत धरू नका. मी मासे धरत नाही.”

प्राध्यापक मात्र डळमळले. “नानासाहेब, आठ नंबर घेऊ या का? प्रत्यक्ष प्रयोगात ती सरस दिसते.”

जोतीराम गवतातली दोरी गोळा करत होता. त्याचे हात एकदा थांबले आणि परत चालू झाले. सल्ला त्याचाच होता. तो ऐकला जायच्या बेतात आला होता.

सगळे व्हरांड्यात परतले आणि नानासोंनी काठी उजेडात धरली. शेंड्यापासून वीतभर खाली त्यांचा अंगठा अडला. “ह्ये काय? धागा गुंडाळलाय.”

“सांधलीया ती,” जोतीराम म्हणाला.

“म्हंजी मोडल्याली?”

“व्हय.”

“आन आमाला तीच घ्या म्हनतोयस?”

“म्या सांधली हाय. सोळा वर्सं झाली. चोणक वडलाय तिनं, बारा शेराचा.”

“आरं गड्या,” नानासो हसले, “मोडल्यालं जनावर कुनी दावनीला आनतं का? कितीबी चालू दे. लोक बघत्यात की!” त्यांनी आठ नंबर टेबलावर ठेवली आणि मुख्य मुद्दा काढला. “आन ही येकटीच हाय. हिला जोड न्हाई. बारा नंबर दोन हायती. बराबर येका उंचीच्या, येका रंगाच्या.”

जोड पाहिजे हा मुद्दा सांगलीच्या मातीत इतका मुरलेला आहे की त्याला उत्तर नसतं. एकटा बैल म्हणजे अर्धा बैल. बाजारात जनावर कितीही देखणं असलं तरी त्याच्या शेजारी उभं करायला तसंच दुसरं नसेल तर गिऱ्हाईक पुढे सरकतं. एका वेळी एकाच माणसाने एकच काठी धरायची असते, दोन काठ्यांना जू लागत नाही, हे सांगायचं काम खरं तर प्राध्यापकांचं होतं. ते बघत राहिले.

“जरा हात द्या,” नानासो त्यांना म्हणाले आणि खांद्यावरचा टॉवेल पसरला.

जनावरांच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही. मंडळाचे अध्यक्ष आणि सचिव पाचगणीच्या व्हरांड्यात टॉवेलाखाली हात घालून उभे राहिले. ज्यांच्यापासून आकडा लपवायचा ते तिघं होते. एकाला नीट दिसत नव्हतं, एकाच्या मताला किंमत नव्हती आणि एक ऑर्डर्ली होता. तरी रीत ती रीत. टॉवेल हलला. पूर्ण पंजा, पुन्हा पूर्ण पंजा, मग दोन बोटं. मुळ्याला कोंब यावा तसं प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर चौदा वर्षांच्या पदार्थविज्ञानाखालून शिराळ्याकडचं मूळ वर आलं. त्यांनी मान डोलावली. सौदा पटला.

ठराव जागीच लिहिला गेला: “समुद्री मोहिमेकरिता बारा नंबरच्या काठ्यांची एक जोडी सर्वानुमते निवडण्यात आली.” आदगोंडांना विचारण्यात आलं. ते चहा पीत होते. हो म्हणाले.

तिसरी काठी निवडायला दोन मिनिटं लागली. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली एक जुनी विलायती काठी होती, मुठीवर कोरीव चांदीची बांगडी, मधासारखा रंग. नानासोंना ती बघताक्षणी आवडली.

“ती खाऱ्या पान्यात नका घालू,” जोतीराम म्हणाला. “सरस सुटतंय. पट्ट्या उकलत्यात.”

“पान्यात कोन घालतंय? फोटोला हुबी करायची.”

निदान या निवडीत मंडळाने आपल्या अनुभवाचा उपयोग केला.

जीपमधल्या जागेचाही विषय निघाला. येत्या अमावास्येला रत्नागिरीजवळच्या खाडीवर जायचं ठरलं होतं. जोतीरामला बरोबर घ्यावं असं आदगोंडांनी सुचवलं. नानासोंनी बोटांवर माणसं मोजली, डबे मोजले, फोटोग्राफर मोजला. “बसत न्हाई बग,” ते जोतीरामला म्हणाले. “फुडच्या टायमाला.” जोतीरामने तिन्ही काठ्यांचे तुकडे सुटे केले, पिशव्यांत घातले, नाड्यांच्या गाठी मारल्या आणि जीपमध्ये सरळ ठेवल्या. गाठी कशा सोडायच्या तेही दाखवलं. नानासोंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. काठीच्या बुडाशी मारली होती तशीच.

सव्वाबाराला जीप उतारावर दिसेनाशी झाली. जोतीरामने टेबल पुसायला घेतलं.

“कोणत्या नेल्या?” कर्नलांनी विचारलं.

“दोनी बारा. आन ती विलायती.”

कर्नल हसले नाहीत. त्यांनी उजवा खांदा एकदा गोल फिरवला. “नऊ राहिली? दहा?”

“ऱ्हायल्या.”

“आठ?”

“तीबी.”

“तू त्यांना आठ घ्या म्हणालास.”

“तुमी मदत कराया सांगितलं व्हतं, साहेब.”

“सांधलेली आहे हेही सांगितलंस.”

“त्यांनी इचारलं.”

“तो दोरवाला शेट उभा राहिला तेव्हा ती गेलीच होती. मी ऐकत होतो. गेली असती तर?”

“तर ग्येली असती,” जोतीराम म्हणाला आणि दहा नंबर सुटी करून पिशवीत घालायला लागला.

कर्नलांनी आतल्या दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, “आतून माझी वही आण. माशांची.”

जोतीरामने वही आणली. काळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यात वाळवी लागलेली. पहिला मासा काश्मीरमधला, १९५५ चा. शेवटचा १९७१ चा. तारीख, जागा, काठीचा नंबर, वजन. एकूण तीनशे सत्तावीस नोंदी, सगळ्या एकाच नावावर.

“ह्यात खोटे किती?”

जोतीरामने वही टेबलावर ठेवली. हुकूम थेट होता आणि त्याला वळसा नव्हता.

“येकेचाळीस, साहेब.”

“मी अडतीस धरत होतो,” कर्नल म्हणाले. “तीन कोणते?”

“दोन तांबोशी, बेतुलच्या खाडीतल्या. तुमी मेसला जेवाया ग्येलावता. आन त्यो चोणक.”

“बारा शेराचा?”

“व्हय.”

“तो माझा नव्हता?”

“तुमी झोपलावता, साहेब.”

कर्नलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याने दिसण्यात काही फरक पडणार नव्हता. गेली सोळा वर्षं क्लबात, लग्नात, दवाखान्यात त्यांनी ज्या चोणकाची हकीकत सांगितली तो हाच. नानासोंच्या कटल्याची चौकट विश्रामबागेत होती आणि कर्नलांची त्यांच्या तोंडात. फरक एवढाच की कर्नलांचा मासा बाजारातून आलेला नव्हता.

“पार्सलाची यादी तुझ्याकडे आहे?”

“हाय.”

“त्यात एकूण आठ लिहिलंय. सात कर.”

जोतीरामने अर्ज केलेला नव्हता, त्यामुळे मंजुरीवर काय म्हणायचं हे त्याला माहीत नव्हतं. त्याने खिशातून पेन्सिल काढली, आठावर काट मारली आणि शेजारी सात लिहिला. मग खाली नंबरवार यादीतून एक ओळ खोडली. खोडताना रेघ सरळ आली नाही म्हणून तीच रेघ पट्टीने पुन्हा मारली.

“रत्नागिरीला कधी जाशील?” कर्नलांनी विचारलं.

“आवस झाल्यावर. ही लोकं परत आल्यावर. खाडीत गर्दी नको.”

“मासा लागला तर वजन कळव. वहीत पानं शिल्लक आहेत.”

जोतीरामने आठ नंबर सुटी केली. जोड नेहमीप्रमाणे सरळ ओढला. पिशवीत घालताना त्याने विचारलं, आणि एवढ्या वर्षांत रजेखेरीज साहेबांना विचारलेली ही पहिलीच गोष्ट असावी:

“नाव कुनाचं लिवायचं?”

“धरेल त्याचं,” कर्नल म्हणाले आणि जेवण वाढायला सांगितलं.

दुपारी जोतीरामने उरलेल्या काठ्या गोणपाटात बांधल्या, वर दोन बाजूंनी बांबूच्या कामट्या लावल्या आणि सुतळीने शिवून पत्ता लिहिला. एक लांब पिशवी व्हरांड्याच्या कोपऱ्यात वेगळी उभी राहिली. हरणाबाईला सवत नेमकी कुठली ते आता दिसणार होतं. त्यावर ती काय म्हणेल याचा अंदाज असल्याने जोतीरामने पाचगणीतला मुक्काम एक दिवसाने वाढवला.

उद्या सोमवार. मुंबईची गाडी पाचगणी स्टँडवरून सकाळी साडेनऊला सुटते, पार्सल अर्धा तास आधी द्यावं लागतं. पार्सलात सात काठ्या आहेत.